सिंगल हँड गाडी : भारतातील जुन्या मोटारींच्या बाजाराचा एक धागा

१/ मागच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी एक जुनी हॅचबॅक विकत घेतली. पन्हाळा आणि करवीर तालुक्यांतील वीरगळांच्या नोंदी घेण्याचे काम एसटीच्या वेळापत्रकावर आणि मित्रांच्या दुचाकींवर भागेनासे झाले होते. गाठीशी शिष्यवृत्तीची शिल्लक होती, थोडे पैसे आईकडून उसने घेतले. कोल्हापुरातील एका एजंटाने एक पांढरी गाडी दाखवली आणि म्हणाला, "सर, एमएच दहा पासिंग, सिंगल हँड गाडी आहे. डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडे ठेवूनच घेतली, तरीही फसलो. कसा, ते धाग्याच्या अखेरीस सांगतो. त्याआधी एका प्रश्नाकडे वळू. पंचविशीतल्या, नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याला मोटार परवडते ही गोष्ट आपल्या देशात नेमकी कधी शक्य झाली?

२/ प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. स्वस्त जुनी गाडी बाजारात यायची, तर त्याआधी दहा-बारा वर्षे कुणीतरी ती नवी म्हणून घेतलेली असावी लागते. आणि अशी एखादी नव्हे, लाखो माणसे असावी लागतात. म्हणजे आजच्या जुन्या गाड्यांचा बाजार हा कालच्या नव्या गाड्यांच्या बाजाराचा गाळ असतो. नदीला पूरच आला नाही, तर गाळ कुठून साचणार?

३/ असा पूर प्रथम आला तो अमेरिकेत. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळत होती. १९२५ च्या सुमारास तिची किंमत तीनशे डॉलरच्याही खाली उतरली होती. एकूण दीड कोटी मॉडेल टी बनल्या. साहजिकच विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत जुन्या मोटारींचे ढीग साचू लागले. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने ही गोष्ट फोर्डच्या आधी ओळखली. जुनी गाडी द्या, तिची किंमत वजा करून नवी घ्या, उरलेले पैसे हप्त्याने फेडा, हे त्याचे गणित. तेव्हापासून फोर्डच्या नव्या, स्वस्त, साध्या गाडीची खरी स्पर्धक नवी गाडी उरली नाही. तेवढ्याच पैशांत मिळणारी, दोन-तीन वर्षे वापरलेली पण अधिक सुखसोयींची गाडी तिच्यापुढे उभी राहिली. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण ऐंशी वर्षांनी तो भारतात जवळजवळ तसाच पुन्हा घडणार आहे.

४/ १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ मध्ये लेखकाला जे नोबेल मिळाले, त्याच्या मुळाशी हाच निबंध होता. अमेरिकन बोलीत सदोष गाडीला 'लिंबू' म्हणतात. (आपण गाडीला लिंबू बांधतो, ते गाडीलाच लिंबू म्हणतात. असो.) अकरलॉफचे म्हणणे असे : गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि किंमत पाडून मागतो. पडत्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. परिणामी बाजारात उरतात ती लिंबेच.

५/ गंमत अशी की, हा निबंध छापून येण्यापूर्वी १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीत राहून गेला होता. निबंधात भारतीय खेड्यातल्या सावकारीचे उदाहरणही येते. पण ज्या दिल्लीत तो राहिला, तिथला मोटारबाजार त्याच्या सिद्धान्ताच्या जणू उलट दिशेने चालत होता. अमेरिकेत शोरूमच्या दारातून बाहेर पडताच गाडीची किंमत उतरते. त्या काळच्या भारतात वर्षभर वापरलेली फियाट नव्या फियाटच्या सरकारी किमतीहून महाग विकली जाऊ शके, कारण जुनी गाडी आज मिळत होती आणि नवी कधी मिळेल ते कुणालाच सांगता येत नव्हते. पैसे गाडीचे नव्हेत, वाचलेल्या प्रतीक्षेचे मोजले जात.

६/ ही अवस्था कशी आली? स्वातंत्र्यापूर्वी इथे मोटारींची जुळणी परकीय कंपन्या करत. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून मुंबईत होता. दुसरीकडे, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये केंद्र सरकारने धोरण ठरवले की, ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही, अशा निव्वळ जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. उरल्या मुख्यतः तीन : कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. ॲम्बॅसडर, फियाट, हेरल्ड. साऱ्या देशाची मोटारसृष्टी या तीन नावांत सामावली.

७/ त्या धोरणाला आज हसणे सोपे आहे. परकीय चलनाची चणचण खरी होती. पोलाद कशासाठी वापरायचे, ट्रॅक्टरसाठी की श्रीमंताच्या मोटारीसाठी, हा प्रश्नही खरा होता. तथापि मोटार ही चैनीची वस्तू ठरवून तिचे उत्पादन आखडून धरले, की ती चैनीचीच वस्तू राहते, हे वर्तुळ मात्र कुणी भेदले नाही. १९५९ मध्ये मोटारींच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला. १९६९ मध्ये किमती सरकारने बांधून दिल्या. त्याविरुद्ध प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सरकारी अधिकाऱ्यांना वेगळा कोटा, इतरांना रांग. १९८० च्या सुमारास साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजारदेखील मोटारी बनत नव्हत्या. मध्यमवर्गीय माणसाचे स्वप्न चार चाकांपर्यंत पोहोचतच नसे. ते आकुर्डीच्या बजाज स्कूटरपाशी थांबे, आणि तिच्यासाठीही वर्षानुवर्षे रांग असे.

८/ छोट्या, स्वस्त मोटारीची कल्पना कुणाला सुचली नव्हती असे नाही. १९५९ च्या सुमारास लक्ष्मीकांत झा यांच्या समितीने तिचा विचार केला होता. आपल्या भागात तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९४० च्या दशकापासून हा माणूस 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः बनवत राहिला. गाडी रस्त्यावर धावली. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनापर्यंत मात्र ती कधीच पोहोचली नाही. मीरावर एक स्वतंत्र धागा लिहायचा आहे. तूर्तास एवढेच म्हणतो की, त्या काळी मोटार बनवण्याच्या कौशल्यापेक्षा मोटार बनवण्याचा परवाना दुर्मीळ होता.

९/ परवाना मिळाला तो संजय गांधींना. १९७१ मध्ये मारुती कंपनी स्थापन झाली. ठरलेली स्वस्त, संपूर्ण देशी मोटार बाजारात काही आली नाही. १९७७ मध्ये सत्तांतर झाले, मारुतीच्या व्यवहारांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती गुप्ता आयोग बसला आणि कंपनी न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात गेली. जून १९८० मध्ये संजय गांधींचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने ती बुडीत कंपनी ताब्यात घेतली. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी जन्मली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा प्रारंभीचा वाटा २६ टक्के. एका घराण्याच्या हट्टातून आणि एका दिवाळखोर कंपनीच्या अवशेषांतून देशातला सर्वांत यशस्वी मोटार प्रकल्प उभा राहिला. इतिहासात कारण आणि परिणाम यांच्यातील प्रमाण असे अनेकदा विसंगत असते, आणि परीक्षेत ते लिहिताना आपली तारांबळ उडते.

१०/ आता जरा जपानकडे. युद्धोत्तर जपानने 'केई' नावाचा लहान मोटारींचा वर्ग निर्माण केला होता : लांबी-रुंदीवर मर्यादा, इंजिनाच्या आकारावर मर्यादा, मोबदल्यात करात सवलत. १९७९ मध्ये ओसामु सुझुकी यांनी या नियमांतली एक फट शोधली. प्रवासी मोटारीवर वस्तुकर होता, मालवाहू गाडीवर नव्हता. म्हणून त्यांनी एक छोटी हॅचबॅक मालवाहू म्हणून नोंदवली, मागच्या आसनाला नावापुरते स्थान दिले आणि ४ लाख ७० हजार येनला विकायला काढली. तिचे नाव आल्टो. तिच्याच पिढीतील, अधिक मोठ्या म्हणजे ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाची आवृत्ती गुडगावला आली, आणि आपण तिला मारुती ८०० म्हणू लागलो.

११/ हॅचबॅक हा घाटही मुळात काटकसरीचाच. १९५६ च्या सुवेझ संकटाने युरोपात पेट्रोल महागले, त्यातून १९५९ मध्ये इंग्लंडात मिनी आली. तिच्यात इंजिन आडवे बसवले होते आणि शक्ती पुढच्या चाकांना दिली होती. त्यामुळे गाडीच्या लांबीचा मोठा भाग माणसांसाठी मोकळा झाला. फ्रान्सच्या रेनॉ ४ ने १९६१ मध्ये मागे वर उघडणारे रुंद दार दिले. या दोन कल्पना एकत्र आल्या की आजची हॅचबॅक तयार होते. मागच्या त्या दाराचे महत्त्व मला वीरगळांचे ठसे घेण्याचे साहित्य, मोजपट्ट्या आणि शिडी एकदम कोंबताना कळले.

१२/ १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली. गाडी कुणी पाहिलेली नव्हती, चालवलेली तर नव्हतीच. तरीही दहा-दहा हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. त्या काळी दहा हजार ही अनेक घरांतली आयुष्याची पुंजी. १४ डिसेंबर १९८३ या दिवशी, म्हणजे संजय गांधींच्या जन्मदिनी, इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली सोडतीत नाव आलेल्या ग्राहकाला दिली. तो इंडियन एअरलाइन्समधील एक कर्मचारी होता. गाडीची किंमत सुमारे ४७,५०० रुपये, क्रमांक डीआयए ६४७९. मला या कथेत सर्वांत भावते ते पुढचे : त्या गृहस्थांनी ती गाडी २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतःकडेच ठेवली. ज्या गाडीने भारतात सेकंडहँड बाजार घडवला, तिचा पहिला नग त्यांच्या हयातीत कधी दुसऱ्या हातात गेला नाही.

१३/ आरंभीची काही वर्षे जुनाच खेळ नव्या गाडीवर चालला. ज्याचा क्रमांक लवकर लागला, त्याला मूळ किमतीवर वरकड रक्कम देऊन गाडी घेणारे भेटत. नोंदणीची पावती ही जणू हुंडी झाली होती. मात्र कारखाना थांबला नाही. १९८६ मध्ये गाडीचे नवे रूप आले, उत्पादन वाढत गेले आणि नव्वदीच्या दशकात ती वरकड रक्कम विरून गेली. १९९३ मध्ये मोटार उद्योगाचा परवाना रद्द झाला. १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली. त्याच वर्षाच्या अखेरीस पिंपरीहून टाटांची इंडिका आली. बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या. नदीला पूर आला होता, आणि काठावर गाळ साचू लागला.

१४/ निव्वळ संख्येने हा बाजार घडला नसता. मारुती ८०० चे इंजिन ऑम्नी व्हॅनमध्ये होते. त्याच घराण्याचे इंजिन २००० मध्ये आलेल्या आल्टोतही होते. परिणामी मिरजेपासून मालेगावपर्यंत प्रत्येक फिटरचा हात त्याच तीन सिलिंडरांवर बसलेला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बहुधा हीच. एका अख्ख्या पिढीने क्लच म्हणजे काय ते हिच्याच पेडलवर ओळखले. अकरलॉफच्या बाजारात घेणारा अज्ञानी असतो; इथे मात्र घेणाऱ्याच्या ओळखीत एक तरी फिटर असेच, आणि बॉनेट उघडून, कान देऊन, "इंजिन गुळगुळीत आहे, पण सस्पेन्शन गेलंय" असे सांगून तो सौद्याचा निकाल लावी. लिंबू ओळखण्याची ही लोकविद्या कोणत्याही निबंधात नोंदलेली नाही. माझ्याही गाडीला असा एक कान लागला होता. फिटर गाडी ऐकू शकतो, कागद ऐकू शकत नाही, एवढीच अडचण.

१५/ सरकारनेही नकळत हात लावला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक आकाराच्या आतील इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून भारतातील लोकप्रिय मोटारी चार मीटरच्या रेषेवर कापल्यासारख्या दिसतात. आजच्या जुन्या बाजारात हॅचबॅकच हॅचबॅक दिसतात याचे एक कारण ही करातली रेषा होय. जपानमध्ये कराने आल्टो घडवली, भारतात कराने तिची वंशवेल वाढवली.

१६/ आता मॉडेल टीची आठवण करा. जानेवारी २००८ मध्ये रतन टाटांनी दिल्लीत नॅनो सादर केली. लाखाची गाडी! पावसात स्कूटरवर भिजणाऱ्या कुटुंबासाठी ती आखली होती, आणि तो हेतू प्रामाणिक होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. सिंगूरचा संघर्ष, साणंदला स्थलांतर, काही गाड्यांना लागलेल्या आगी, 'सर्वांत स्वस्त' हे बिरुद, अशी तिच्या अपयशाची अनेक कारणे दिली जातात. माझ्या मते एका कारणाकडे पुरेसे लक्ष गेले नाही : लाख-दीड लाखात चांगल्या स्थितीतली जुनी मारुती किंवा जुनी सँट्रो त्याच गल्लीत उभी होती. स्कूटरवरून उतरणाऱ्या माणसाला नव्या नॅनोपेक्षा जुनी 'खरी' गाडी अधिक प्रतिष्ठेची वाटली. फोर्डला स्लोनने जे शिकवले, ते टाटांना सेकंडहँड बाजाराने शिकवले.

१७/ मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. त्याआधीच, एप्रिल २०१० मध्ये प्रदूषणाचे कडक निकष आल्यावर मोठ्या शहरांतली तिची विक्री बंद झाली होती. तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर उतरल्या होत्या. जुन्या गाड्यांचा धंदाही आता झाडाखालच्या एजंटापुरता राहिला नव्हता : खुद्द मारुतीने २००१ मध्ये ट्रू व्हॅल्यू ही दुकाने काढली, पुढे मोबाइल ॲप आले. आज देशात दरवर्षी नव्यांपेक्षा जुन्या मोटारी अधिक संख्येने हात बदलतात.

१८/ इथवरची कथा लोखंडाची झाली. तिची दुसरी बाजू कागदाची आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीच अधिक ओळखीची वाटते. मोटार ही अशी जंगम मालमत्ता आहे की तिचा मालक कोण हे तिच्यावर कुणाचा ताबा आहे यावरून ठरत नाही, नोंदवहीवरून ठरते. सातबाऱ्यासारखेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते की, गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवावे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३०. गाडीवर कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५. इतके सोपे.

१९/ व्यवहारात मात्र एक प्रथा रुजली. विकणारा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून एजंटाला देतो, एजंट गाडी कुणालातरी देतो, तो आणखी कुणाला. आणि ते सह्या केलेले कागद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये फिरत राहतात. प्रत्येक हस्तांतराचा खर्च वाचतो आणि कागदोपत्री गाडी 'सिंगल हँड'च राहते. हा निव्वळ हिशेबाचा घोटाळा नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले : गाडी अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची होती आणि अपघात घडला. न्यायालयाने म्हटले की, नोंदवहीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने मालकांची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही. निर्णय मला योग्य वाटतो. पण ज्याने काही वर्षांपूर्वी गाडी विकून टाकली आणि जो निश्चिंत आहे, त्या माणसाचाही क्षणभर विचार करा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंद घ्यावी लागते आणि गाडी त्यांच्या ताब्यात असेपर्यंत तेच मालक मानले जातात, असा नियम आला तो यासाठीच.

२०/ तर, माझी 'सिंगल हँड' गाडी. नाव बदलायला गेलो तेव्हा मूळ मालकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी हवा होता. एजंट म्हणाला, "बघतो." महिनाभर तो बघतच राहिला, नंतर फोन उचलेना. आरसीवर सांगलीचा पत्ता होता. एका रविवारी मी ती गाडी घेऊन त्या पत्त्यावर गेलो. दार उघडले ते सत्तरीच्या एका गृहस्थांनी. मी गाडीचा क्रमांक सांगताच ते आत गेले आणि एक जाड पाकीट घेऊन आले. त्यात ई-चलनांच्या छापील प्रती होत्या. पुणे-बंगळूर महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल, सीटबेल्टबद्दल, सारी त्यांच्या नावाने. गाडी त्यांनी २०२१ मध्ये विकली होती. मधल्या तीन वर्षांत ती कुणाकडे होती, हे ना त्यांना ठाऊक होते, ना मला.

२१/ "काका, यातली एकही माझी नाही," मी म्हणालो. ते म्हणाले, "अरे, माझी तरी कुठे आहेत? बस आधी." चहा झाला. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून ते निवृत्त झालेले. प्रत्येक चलनाच्या मागे तारीख आणि 'सदर दिवशी घरीच' असा शेरा त्यांनी निळ्या शाईत लिहून ठेवला होता. मी इतिहासाचा विद्यार्थी असल्याचे कळल्यावर त्यांनी आपणहून जे सांगितले, त्यामुळे हा धागा लिहायला घेतला. १९८३ मध्ये दोघा भावांसह पैसे जमवून त्यांनी मारुती नोंदवली होती. क्रमांक लागला, तेव्हा एका व्यापाऱ्याने वर चांगली रक्कम देऊ केली. बहिणीचे लग्न ठरलेले होते. गाडी घरी न येताच गेली. "एक दिवस तरी चालवायची होती," ते म्हणाले, "पण किलोमीटर पडले असते तर भाव उतरला असता ना."

२२/ त्यानंतर स्कूटर, मुलांची शिक्षणे, घराचे कर्ज. २०१० मध्ये निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी अखेर एक हॅचबॅक घेतली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली मोटार. तीच आता त्यांच्या दारात उभी होती, आणि ती माझीही पहिलीच होती. मधली तेहतीस वर्षे वजा केली, की आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

२३/ ओटीपी आला, त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचून दाखवला. जुन्या चलनांची तक्रार त्यांच्या नावाने ऑनलाइन मी भरून दिली. विक्रीची नोटरी केलेली पावती त्यांनी जपून ठेवली होती, ती कामी आली. निम्मी चलने अजून प्रलंबित आहेत. निघताना ते खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या डाव्या दाराची काच वर-खाली करून पाहिली. "अजून अडकते," असे म्हणून त्यांनी ती तळव्याने किंचित आत दाबली आणि हँडल फिरवले. काच सरळ वर गेली.

२४/ गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपत आली आहे. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले, शिवाय पर्यावरण कर. दिल्लीत हरित लवादाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आणल्यापासून तिथल्या स्वस्त गाड्या इकडच्या बाजारात येतात. त्या आदेशांचा तपशील पुढे बदलत राहिला, बाजारातली आवक मात्र टिकून आहे. एजंट मंडळी मला तसलीच एखादी सुचवत आहेत. मी नूतनीकरणाचा अर्ज भरला आहे. आरसीवर आता मालकाचा अनुक्रमांक दोन असा छापला आहे. खरा आकडा निदान तीन. मधल्या त्या माणसाचा पत्ता लागला, तर या धाग्यात भर घालीन.